बांध नसलेली वाटणी

धाकट्या लोइझोसचं लग्न झालं ते साल १९२९. त्या लग्नात ख्रिस्टोफीसने आपल्याजवळची शेवटची गोष्टही देऊन टाकली. ती म्हणजे पाणी.

माती तीन वर्षांपूर्वीच थोरल्या पिएरीसच्या लग्नात गेली होती. झाडं त्याच्याही आधी, लेकीच्या, हाम्बूच्या आंदणात. मळा एकच, सायप्रसच्या डोंगरउतारावरचा, गावाच्या झऱ्याखालचा. पण त्यातली माती एकाची, मातीत उभी असलेली जैतुनाची तीस झाडं दुसरीची, आणि दर शनिवारी दिवस उगवल्यापासून देवळाची सावली पायरीला टेकेपर्यंत मिळणारं झऱ्याचं पाणी तिसऱ्याचं.

माती एकाची आणि झाड दुसऱ्याचं, ही आमच्या डोंगरात काही नवलाई नाही. एकेका झाडात चार-चार भावांचा वाटा असतो, फांद्या मोजून. पण तिन्ही गोष्टी मुद्दाम, ठरवून, तीन लेकरांत फोडणारा ख्रिस्टोफीस एकटाच. त्याला त्याचं कारण होतं.

तो नऊ वर्षांचा असताना त्याचा बाप आणि चुलता दोरी घेऊन रान वाटायला बसले होते. बांधाचा दगड दोन वीत सरकला की नाही एवढंच भांडण. बापाने कुदळ उलटी धरली आणि चुलत्याच्या टाळूवर घातली. आवाज फार मोठा झाला नाही. चुलता बांधावर आडवा पडला आणि त्याचा एक पाय बराच वेळ मातीत खुरडत राहिला, झोपेत कुत्र्याचा पाय हलतो तसा. बाप तुरुंगात मेला. ख्रिस्टोफीस सुतारकी शिकला, हातून गेलेला मळा परत मिळवला, बायको केली, तिला पुरलं, तीन लेकरं वाढवली. या सगळ्यात त्याने देवाकडे एकच मागितलं: माझ्या पोरांनी एकमेकांवर हात उचलू नये.

"बांध आला की भांडण आलं," तो म्हणायचा. "मी बांधच ठेवला नाही."

लोइझोसच्या लग्नात दोन पेले पोटात गेल्यावर तो बाकावर उभा राहिला होता. "एकाला पीठ दिलं, एकीला भट्टी दिली, एकाला सरपण दिलं! आता बघू कोण एकटा पाव भाजून खातो!"

सगळे हसले. मुखत्यार, म्हणजे गावचा पाटील, म्हणाला, "आणि तिघंही उपाशी राहिले तर, म्हातारबा?"

"उपाशी माणूस भावाकडे जातो."

"जातो खरा. कधी कधी अंगावर जातो."

"तू पी रे. तुझी जीभ कोरडी असली की वाईट बोलते."

स्वतःसाठी त्याने एकच झाड ठेवलं होतं, मळ्याच्या मधोमध उभं असलेलं, तिघांनी हात धरले तरी कवेत न येणारं. आमच्याकडे त्याला म्हाताऱ्याचा वाटा म्हणतात. आईबाप सगळं देऊन टाकतात, पण मूठभर आपल्याजवळ ठेवतात. जो शेवटी डोळे मिटवील आणि माती देईल, त्याचं ते.

पाफोसच्या कचेरीत कागद करताना तिथल्या कारकुनाने चष्मा कपाळावर चढवून एक गोष्ट सांगितली होती. "म्हातारबा, कायदा ठाऊक आहे ना? झाड उभं आहे तोवर झाडवाल्याचा हक्क. झाड वाळलं, पडलं, की जागा मोकळी. मग ती मातीवाल्याची."

ख्रिस्टोफीस हसला होता. "जैतून कुठं पडतं रे बाळा? ते माझ्या पणज्याने बघितलंय. तुझा नातू बघेल."

कागदावर अंगठा लावून तो बाहेर आला आणि गाढवावर बसून गाणं म्हणत घरी गेला. त्याने गृहीत धरलं होतं की तिघांनाही एकमेकांची गरज लागेल. मातीवाल्याला झाडांची गरज नव्हती. उलट झाडं मेली तर त्याचा फायदा होता. एवढं एक त्याच्या डोक्यात आलं नाही.

१९३१च्या हिवाळ्यात पाऊस झाला नाही. पिएरीसला दोन मुली होत्या, तिसरं वाटेवर होतं, आणि झाडांच्या सावलीत जव फक्त टीचभर उगवले. त्याने शेजारच्या गावातून लोखंडी नांगर मागून आणला. तो हातभर खोल जाणारा नांगर त्याने खेचराला जुंपून झाडांच्या बुंध्याला घासून चालवला.

हाम्बू धावत आली. "पिएरी, फाळ वर घे! मुळं तुटतायत!"

"मुळं कुठं आहेत? मातीत ना? माती कुणाची?"

"मूळ झाडाचं."

"मग उपट आणि घरी ने. ने की, मी कुठं धरलंय?"

"आईने बघितलं असतं तर तुझ्या तोंडात मारली असती."

"आईने बघितलं असतं तर मला पण झाडं दिली असती. दगडधोंडे दिले मला, आणि वर तुझी सावली."

उन्हाळ्यापर्यंत दोन झाडं वाळली. पिएरीसने ती मुळासकट काढली, खड्डे बुजवले आणि त्या जागी हरभरा पेरला. हाम्बूचा नवरा झेनिओस हा डोक्याने तापट माणूस. त्याने कुणाला काही विचारलं नाही. भर सकाळी, पिएरीस पाणी प्यायला गेला असताना, तो शांतपणे नांगरापाशी आला आणि छाटणीच्या कोयत्याने खेचराच्या मागच्या दोन्ही पायांच्या शिरा तोडल्या. खेचर बसलं. पुढच्या पायांनी उठायचा प्रयत्न करत ते अख्खा तासभर ओरडलं. पिएरीसने शेवटी दगडाने त्याचं कपाळ फोडलं, कारण बंदूक आणायला मुखत्याराकडे जावं लागलं असतं.

ख्रिस्टोफीस पोचला तेव्हा पिएरीस त्या मेलेल्या जनावराच्या पोटाला पाठ टेकून बसला होता. हात कोपरापर्यंत लाल होते.

"बाबा," तो म्हणाला, "तुम्ही आमच्यात बांध ठेवला नाही. मग आता कुणी कुठं थांबायचं, ते तुम्हीच सांगा."

म्हातारा वाकून मेलेल्या खेचराच्या मानेवरचं जू सोडवू लागला.

शनिवारचं पाणी लोइझोसच्या हातात होतं. तो म्हाताऱ्याचा लाडका, गोड बोलणारा. बापाची सुतारकीही त्यानेच उचलली, म्हणून हत्यारांची पेटी त्याला मिळाली होती. तो हाम्बूला म्हणायचा, "ताई, झराच आटलाय, मी काय करू? मी काय ढग आहे?" आणि तिच्याच घरी बसून ताज्या पनीरच्या वड्या तळून घेऊन खायचा. पाणी खरंच कमी होतं. पण जेवढं येई तेवढंही झाडांपर्यंत पोचत नव्हतं, वाटेतच कुठेतरी जिरत होतं.

मग हाम्बूने घागरींनी पाणी न्यायला सुरुवात केली. झऱ्यापासून मळ्यापर्यंत चढउताराची वाट, दिवसाला वीस खेपा. एका झाडाला दोन घागरी. पिएरीसने तिला आळ्यात पाणी ओतताना गाठलं.

"माझ्या मातीत चिखल करू नकोस."

"मारतोस की काय?"

ती हे हसत म्हणाली होती, लहानपणी म्हणायची तसं. पिएरीसच्या हातात खेचर हाकायचा दंडुका होता. पहिला फटका घागरीवर बसला. दुसरा तिच्या हातावर, कोपर आणि मनगटाच्या मध्ये. हाड मोडल्याचा आवाज खालच्या रानात शेंगा तोडणाऱ्या बायकांनी ऐकला.

हाडवैद्याने हात बांधला. म्हातारा काठी घेऊन पिएरीसच्या दारात गेला आणि त्याच्या खांद्यावर, पाठीवर, कानावर काठी चालवली. पिएरीसने आठ-दहा फटके खाल्ले. मग काठी धरली, गुडघ्यावर मोडली आणि दोन्ही तुकडे बापाच्या हातात परत दिले. त्याच्या कानातून रक्त येत होतं.

"झालं? आता घरी जा. ऊन आहे."

म्हातारा घरी गेला नाही. तो पाफोसला गेला, चालत. कारकुनाने तेच सांगितलं जे त्याला ठाऊक होतं. दिलेलं परत घेता येत नाही. तिघंही आपखुशीने आले, सही केली, तरच नवी वाटणी.

परत येऊन तो तिघांकडे गेला. तीन सरळ तुकडे करू, प्रत्येकाला आपापली माती, आपापली झाडं, आपापलं पाणी. मध्ये बांध घालू. बांध हा शब्द उच्चारताना त्याची जीभ अडखळली. हाम्बू लगेच हो म्हणाली. लोइझोस म्हणाला, "दादा म्हणेल तसं." पिएरीस म्हणाला, "कशाला? दहा वर्षं थांबलो की सगळंच माझं आहे. बघा ना, झाडं आपणहून वाळतायत."

आपणहून. हा शब्द म्हाताऱ्याच्या कानात राहिला. नांगर तर आता बंद होता, खेचर मेलं होतं. तरी सहावं झाड वाळलं होतं, सातवं पिवळं पडत होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो मळ्यात जाऊन गुडघ्यांवर बसला आणि पिवळ्या झाडाच्या बुंध्याची माती हाताने उकरली. वीतभर खाली एक भोक सापडलं, अंगठ्याएवढं, मेणाने बुजवलेलं. मेण काढल्यावर आतून खारं, सडकं पाणी आलं. जैतून मुरवायला वापरतात ते मिठवणी. त्याने भोकात बोट घातलं. आत गोल गोल फिरत गेलेला एक बारीक ओरखडा लागला.

तो ओरखडा त्याच्या ओळखीचा होता. त्याच्या गिरमिटाच्या टोकाचा एक कपचा उडालेला होता. चाळीस वर्षं त्या गिरमिटाने पाडलेल्या प्रत्येक भोकात तो ओरखडा उठला, गावातल्या अर्ध्या दारांच्या बिजागऱ्यांच्या भोकांत तो होता. आणि ते गिरमिट आता लोइझोसच्या पेटीत होतं.

तो सगळी झाडं बघत गेला. अकरा झाडांना भोकं होती. शेवटी तो मधल्या झाडापाशी आला, आपल्या वाट्याच्या. तिथेही माती भुसभुशीत लागली. तिथेही मेण होतं.

तो तिथेच बसून राहिला. आपल्या मरणाची सोय लेकरांनी आधीच करून ठेवलीय, हे त्याला कळलं. राग आला नाही.

त्याने लोइझोसच्या पेटीतून गिरमिट उचललं आणि तिघांना निरोप धाडला: शनिवारी सकाळी, पाण्याच्या पाळीला, टाक्यापाशी या.

टाकं म्हणजे मळ्याच्या डोक्यावरचं दगडी कुंड. झऱ्याचं पाणी त्यात साठायचं आणि खालचा अडणीचा दगड ओढला की पाटाने मळ्यात जायचं. लोइझोस आधीच आला होता, काठावर बसून शीळ घालत होता. पिएरीस कुदळ घेऊन आला. हाम्बू आली, हात गळ्यात बांधलेला, आणि तिच्या मागे झेनिओस.

"याला कुणी बोलावलं?" पिएरीस म्हणाला.

"माझ्या बायकोचा एक हात तू मोडलास. दुसरा धरायला आलोय."

"गप्प बसा," म्हातारा म्हणाला. त्याने अंगरख्यातून गिरमिट काढून काठावर ठेवलं. "अकरा झाडांना भोकं आहेत. बाराव्यालाही आहे, माझ्या. सोमवारी तिघंही माझ्याबरोबर पाफोसला याल आणि नव्या कागदावर सही कराल. नाहीतर हे गिरमिट मी पोलिसांपुढे ठेवतो."

हाम्बूने गिरमिटाकडे बघितलं आणि मग लोइझोसकडे.

"तू?"

लोइझोसची शीळ थांबली होती.

"तू माझ्या घरी जेवतोस रे. काल जेवलास. मी वाढलं तुला, या एका हाताने."

"ताई, दादा म्हणाला अर्धी माती देतो. मला काय आहे? पाणी! पाणी काय खाऊ? तुला झाडं, त्याला माती, मला वाहून जाणारी वस्तू दिली बाबांनी!"

"तोंड सांभाळ, धाकल्या," पिएरीस म्हणाला.

झेनिओसने लोइझोसच्या तोंडावर मूठ मारली. दोन दात काठावर पडले. तो पुन्हा हात उचलणार तोच पिएरीसने कुदळीच्या दांड्याने त्याच्या मांडीवर घाव घातला. झेनिओस वाकडा होऊन टाक्यात पडला आणि पिएरीस त्याच्या अंगावर उतरला. पाणी कमरेएवढं होतं. पिएरीसने त्याच्या पाठीवर गुडघा रोवला, मानेला दोन्ही हात लावले आणि त्याचं डोकं पाण्याखाली दाबलं.

"हे खेचराचं!" तो ओरडत होता. "हे खेचराचं!"

म्हातारा टाक्यात उतरला. त्याने पिएरीसचे केस धरले, कान धरले, हाताला चावा घेतला. पिएरीसने कोपर मारलं आणि म्हातारा काठावर आपटला. तोंडात रक्ताची चव आली.

"लोइझी! दगड ओढ! पाणी सोड!"

लोइझोस अडणीच्या दगडापासून एका पावलावर होता. तोंड दोन्ही हातांनी धरून तो उभा होता. पाणी त्याचं होतं, दगड त्याचा होता. तो हलला नाही.

झेनिओसचे हात पाण्यावर आपटायचे थांबले.

हाम्बूने गळ्यातली पट्टी काढून फेकली. ती खाली उतरली, अडणीच्या दगडाला दोन्ही हात घातले, मोडक्या हातासकट, आणि ओढला. पाणी धो धो पाटात गेलं. टाकं रिकामं होत आलं तरी पिएरीस सोडेना, तो आता झेनिओसचं तोंड चिखलात दाबत होता. दगड हाम्बूच्या हातातच होता. तिने तो डोक्यावर उचलला. म्हाताऱ्याने तिच्या हातावरचं हाड कातडीखाली सरकताना बघितलं.

त्याने "नको" म्हटलं की नाही, हे त्याला पुढे कधीच आठवलं नाही.

पहिल्या घावाने पिएरीस बसला. दुसऱ्याने पडला. आवाज फार मोठा झाला नाही. त्याचा एक पाय चिखलात खुरडत राहिला, आणि ख्रिस्टोफीस, वय वर्षं चौऱ्याहत्तर, त्या पायाकडे नऊ वर्षांच्या डोळ्यांनी बघत होता.

झेनिओस खोकला. चिखल ओकला. जगला.

पोलीस दुपारी आले. तोवर ख्रिस्टोफीस दगडाशेजारी बसून तयार होता.

"मी मारलं," तो म्हणाला. "थोरला माझ्या जावयाला मारत होता. दगड मी उचलला."

शिपाई तरणा होता, पण मूर्ख नव्हता. त्याने म्हाताऱ्याच्या हातांकडे बघितलं, मग हाम्बूकडे. तिचा हात दुपटीने सुजून काळा पडला होता.

"बरं, आजोबा. उचलून दाखवा."

ख्रिस्टोफीस उठला. त्याने पाय फाकवले, दगडाला हात घातले आणि जीव खाऊन ओढलं. दगड गुडघ्यापर्यंत आला. तिथे थोडा थांबला, आणि हातातून सुटून त्याच्या पायाच्या बोटांवर पडला. दोन बोटं चिरडली. तो ओरडला नाही. पुन्हा वाकला.

"बास, बाबा," हाम्बू म्हणाली. "बास करा. मी मारलं."

तिला चार वर्षांची शिक्षा झाली, निकोसियाच्या तुरुंगात. नवऱ्याचा जीव वाचवायला केलं म्हणून कमी झाली, असं म्हणतात. हात वाकडाच जुळला.

लोइझोसने नव्या कागदावर सही केली; हाम्बूने तुरुंगातून आणि पिएरीसच्या विधवेनेही. आपल्या वाट्याचा तुकडा त्याने पिएरीसच्या लेकरांच्या नावे केला आणि बायकोला घेऊन बोटीत बसून इजिप्तला गेला. तो पुन्हा दिसला नाही, त्याचं पत्रही नाही.

मग म्हाताऱ्याने दोरी काढली. पिएरीसची विधवा एलेंगू दुसरं टोक धरायला आली. तिसरी मुलगी तिच्या पाठीशी बांधलेली होती.

"घट्ट धरा, मामंजी," ती म्हणाली. "एक बोट इकडे नको, एक बोट तिकडे नको."

"तुला माझा राग नाही?"

"आहे. दोरी धरा."

पहिले दगड एलेंगूने रचले. पुढे म्हातारा एकटाच रचत राहिला. चिरडलेल्या पायाने लंगडत, रोज आठ-दहा दगड, त्याहून जास्त नाही. पाऊस, ऊन, सण काही बघितलं नाही. चार वर्षांत कमरेएवढा बांध मळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. वाटेत मधलं झाड आलं. अर्धं वाळलेलं, अर्धं हिरवं. मुखत्यार बांधावर हात टेकून म्हणाला, "हे कुणाला? चार वर्षं भाकर एलेंगू देते. लेक सुटून आली की तीही हक्क सांगेल."

ख्रिस्टोफीसने झेनिओसला बोलावलं आणि कुऱ्हाड दिली. झेनिओसला लंगडतच तीन दिवस लागले. अर्धी लाकडं बांधाच्या अलीकडे रचली, अर्धी पलीकडे. मग म्हाताऱ्याने झाडाच्या खड्ड्यावरूनही बांध पुढे नेला.

हाम्बू १९३६च्या ऑक्टोबरात सुटून आली. ती बांधापाशी उभी राहिली आणि त्यावर हात फिरवला.

"बाबा, सरळ आलाय."

"दोरीने घेतला," तो म्हणाला.

पिएरीस १९३२ साली, १८ जूनच्या शनिवारी, सकाळी टाक्यात मेला. ख्रिस्टोफीस १९३६ साली, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, जैतुनाची वेचणी चालू असताना घरी मेला. त्याचे डोळे हाम्बूने मिटले, आंघोळ एलेंगूने घातली.